ती फळांची टोपली नव्हे, टोपी आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला अलास्कावरचा प्रवासलेख वाचला. हिमनद्या, देवमासे, बोटीवरची जेवणाची चंगळ, सगळं झकास. पण लेखाच्या शेवटी एक चौकट आहे. मथळा, 'गवतातून फुललेली लुप्त कला'. खाली मोठं रंगीत छायाचित्र आणि त्याखाली ओळ, 'एस्किमो स्त्रियांनी गवतापासून विणलेली फळांची टोपली'. एवढ्याशा जागेत इतक्या चुका मावल्या याचंच मला नवल वाटलं. मी ती चौकट तीनदा वाचली, मग बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "पेपरवाल्यांना लिहा. नाहीतर आठवडाभर माझंच डोकं खाल." म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

मी संशोधक वगैरे कोणी नाही. कुडाळ तालुक्यातला बुरुडाचा मुलगा. घरात सुपं, रोवळ्या, टोपल्या, कणग्या यांचाच पसारा असायचा. मी मात्र कोयती हातात धरली नाही, क्रूझच्या बोटीवर लाँड्रीत लागलो आणि १९ वर्षं चादरी-टॉवेल धुतले. आमच्या जिल्ह्यातले आणि गोव्यातले कितीतरी जण या बोटींवर असतात, त्यामुळे वाचकांतल्या काही घरांना हे नवं नाही. त्यातले ९ हंगाम मी अलास्काच्या फेऱ्यांवर होतो. मे ते सप्टेंबर, केचिकन, जुनो, सिटका. बंदर लागलं की प्रवासी देवमासे बघायला जायचे आणि आम्हाला मिळायचे फार तर दोन-तीन तास. आमची पोरं वाय-फाय शोधत जायची आणि घरी फोन लावून बसायची. पहिले दोन हंगाम मीही तेच केलं.

आधी माणसांबद्दल. ज्या बंदरांचं वर्णन लेखिकाबाईंनी केलंय, ती सगळी अलास्काच्या आग्नेय टोकाला आहेत. बेटं, खाड्या, समुद्रातूनच उठलेले डोंगर आणि दाट जंगल. बर्फात घर बांधून राहणाऱ्या माणसांचा हा मुलूख नाही. केचिकनला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाच्या तोडीस तोड, फक्त तो चार महिन्यांत उरकत नाही, बाराही महिने चालू असतो. हा देश त्लिंगिट लोकांचा. (इंग्रजीत लिहितात 'ट' पासून, पण तिथली माणसं बोलताना 'क्लिंगिट'च्या जवळचं काहीतरी म्हणतात.) त्यांच्या दक्षिणेला हायडा लोक. त्यांची मूळ भूमी कॅनडातली हायडा ग्वाय बेटं, आणि काही गावं अलास्कातल्या प्रिन्स ऑफ वेल्स बेटाच्या दक्षिण भागात. 'एस्किमो' म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते लोक दूर उत्तरेला आणि पश्चिमेला राहतात, आणि त्यांच्यातल्याही अनेकांना ते नाव आवडत नाही. जुनोच्या बाईला एस्किमो म्हणणं म्हणजे मालवणच्या बाईला काश्मिरी म्हणण्यासारखं आहे. तिला राग येणार नाही कदाचित, पण ती हसेल.

आता गवत. इथे लेखिकाबाईंची बाजू थोडी घेतो, कारण चूक कुठून आली असेल ते मला कळतं. पश्चिमेकडचे युपिक लोक खरोखरच गवताच्या टोपल्या करतात, गवताचा वेटोळा रचत रचत टाके घालत जातात. अल्यूशियन बेटांवर तर गवताचं काम इतकं बारीक व्हायचं की हातात घेतलं तर कापड वाटावं. इंटरनेटवर 'अलास्का, टोपली' असं शोधलं की हे सगळं एकत्र येतं. आणि दुसरं म्हणजे त्लिंगिट टोपलीवरही गवत असतं, पण ते अंगावरच्या नक्षीपुरतं. टोपली स्वतः मुळांची. सिटका स्प्रूस नावाच्या उंच सूचिपर्णी झाडाची मुळं.

हे मला कळलं सिटकाला. तिसरा हंगाम, पाऊस, अंगावर बोटीचं पातळ जाकीट. उभं राहायला कोरडी जागा हवी म्हणून एका अष्टकोनी इमारतीत शिरलो. शेल्डन जॅक्सन म्युझियम. तिथे उन्हाळ्यात स्थानिक कलाकार येऊन बसतात आणि लोकांसमोर काम करतात. त्या दिवशी एक साठीच्या पुढची त्लिंगिट बाई बसली होती. बाजूला पाण्याचं भांडं, मांडीवर मुठीएवढं टोपलीचं बूड, आणि शेजारी सुतळीच्या लडीसारख्या गुंडाळलेल्या तांबूस मुळ्या. मी तिकीट काढून आत आलो होतो ते पावसासाठी, पण तिच्यासमोर उभा राहिलो तो पाऊण तास हललो नाही. शेवटी तिनंच विचारलं, "विणतोस का तू?" मी म्हटलं, "मी नाही, माझी आई." तिनं हातातलं काम खाली ठेवलं. आधी स्वतःचं कूळ सांगितलं, मग आईचं, मग आजीचं. तिकडे कूळ आईकडून येतं. मग मला विचारलं, "तुझे लोक कोण?" बोटीवर इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी बुरूड म्हणजे काय ते माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि हातानं बांबू चिरण्याचा अभिनय करून दाखवला. तिनं एक मूळ माझ्या हातात दिलं.

त्यानंतरच्या हंगामांत सिटकाला बोट लागली की मी आधी तिकडे जायचो. कधी ती असायची, कधी दुसरी कोणी. तुकड्यातुकड्यानं जे कळलं ते असं.

मुळं काढायचा काळ वसंतातला, झाडात रस चढू लागतो तेव्हाचा. कुठल्याही झाडाखाली खणून चालत नाही. दगडधोंड्यांतून वाट काढत गेलेलं मूळ वाकडं आणि फाटे फुटलेलं असतं. वाळूच्या, भुसभुशीत जमिनीत, किनाऱ्याजवळ, ती सरळ आणि लांब जातात. शेवाळाचा थर उचलायचा, बोटांनी चाचपत मूळ शोधायचं आणि त्याच्यामागे जायचं. एका झाडाची थोडीच घ्यायची, बाकीची पुन्हा झाकून ठेवायची. झाडाशी दोन शब्द बोलायचे, आभार मानायचे. मग त्याच दिवशी विस्तवावर भाजायची. भाजणं म्हणजे साल सुटेल इतकंच. जास्त झालं तर मूळ जळतं, कमी झालं तर साल चिकटून राहते. मग जमिनीत रोवलेल्या चिरलेल्या काठीच्या फटीतून मूळ खसकन ओढून काढायचं. साल फटीत अडकते आणि आतलं पिवळसर, ओलं मूळ बाहेर येतं. त्या बाईच्या नखांत भाजल्याचा काळसर रंग होता, आणि मूळ नाकाशी नेलं की धूर आणि राळ दोन्हींचा वास यायचा.

आणि मग चिरणं. ही गोष्ट मला वाचकांना नीट सांगायची आहे, कारण बुरूडकामाची खरी परीक्षा इथेच असते आणि पुरवणीतल्या चौकटीत तिचा उल्लेखही नाही. मुळाच्या टोकाला चीर पाडायची, एक बाजू दातांत धरायची, दुसरी हातात, आणि हळूहळू दोन भाग करत जायचं. एक भाग बारीक होऊ लागला की जाड भाग जास्त वाकवायचा, म्हणजे चीर पुन्हा मधोमध येते. हे बघून मी मोठ्यानं हसलो. आईनं बांबूच्या कामट्या काढताना आम्हाला हेच ओरडून सांगितलं होतं, "जाड अंग वाकव रे, जाड अंग!" बारा हजार किलोमीटरवर तोच नियम! बांबू आणि स्प्रूस यांची गाठ कधी पडली नसेल, पण तंतू चिरायची रीत दोघांनी आपापल्या बायकांना एकच शिकवली.

असं चिरत गेलं की मुळाचे थर वेगळे होतात. बाहेरचा गुळगुळीत, चमकदार भाग आडव्या विणीसाठी. आतला चपटा, बिनचमकेचा भाग उभ्या काड्यांसाठी. मग मापाप्रमाणे निवडायचं, गुंडाळून ठेवायचं, आणि विणायच्या वेळी पुन्हा पाण्यात भिजवायचं. विणण्यापेक्षा ही तयारीच जास्त वेळ खाते, असं प्रत्येकीनं मला सांगितलं. 'टोपली विणायला किती दिवस लागले?' हा प्रवाशांचा ठरलेला प्रश्न. त्या बाईचं उत्तरही ठरलेलं होतं, "विणायला की सुरुवात करायला?"

वीण आमच्यासारखी एक वर-एक खाली अशी नसते. आडवे पदर दोन असतात, आणि प्रत्येक उभ्या काडीपाशी ते एकमेकांना पीळ देऊन काडीला मिठी मारतात. त्यामुळे वीण इतकी घट्ट बसते की टोपलीत पाणी भरलं की मुळं फुगतात आणि फटी मिटतात. जुन्या काळी अशा टोपलीत पाणी आणि मासे घालून, त्यात तापवलेले दगड टाकून स्वयंपाक करायचे. बुरुडाच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, विचार करा. आमच्या रोवळीचं सगळं मोल पाणी गळून जाण्यात, आणि यांच्या टोपलीचं मोल पाणी न गळण्यात. शिवाय कित्येक टोपल्या इतक्या लवचिक असायच्या की रिकाम्या झाल्या की दुमडून सपाट ठेवता यायच्या.

नक्षीचं गवत येतं ते इथे. विणता विणता रंगवलेल्या गवताची तिसरी पट्टी फक्त बाहेरच्या पदराभोवती गुंडाळत जातात. म्हणून त्लिंगिट टोपली हातात आली की आधी आत डोकवावं. बाहेर नक्षी भरगच्च असली तरी आत तिचा पत्ता नसतो. काळ्या-जांभळ्या चमकेसाठी हंसराज नेच्याचे देठ वापरतात. जुने रंग ब्लूबेरीचे, आल्डर झाडाचे, लांडगा-शेवाळ म्हणतात त्या पिवळ्या दगडफुलाचे. पुढे बाजारी रंग आले आणि टोपल्या भडक झाल्या. नक्ष्यांना नावं आहेत. १९०३ साली एका अमेरिकन नौदल अधिकाऱ्यानं, जॉर्ज इमन्स यांनी, ती छापून ठेवली: साल्मनबेरीचं अर्धं डोकं, तपकिरी अस्वलाची पावलं, झाडाची सावली. झाडाची सावली हे नाव ऐकल्यापासून मला ती नक्षी दुसरी काही दिसतच नाही.

भाषेची एक गंमत. मूळ आणि साल्मन मासा या दोन्हींसाठी त्लिंगिटमध्ये जवळजवळ एकच शब्द आहे, फरक फक्त सुराच्या चढउताराचा. मी मुळं मागायला जायचो आणि मासा मागून बसायचो. बाई म्हणायची, "मासा समोरच्या दुकानात."

त्यांच्यात टोपलीच्या जन्माची एक कथा आहे. याकुटाट नावाच्या त्लिंगिट गावाच्या बाजूची. एका सुंदर मुलीशी सूर्यानं लग्न केलं आणि तिला आकाशात नेलं. तिला मुलं झाली, पण त्या मुलांचं तिकडे काही खरं नव्हतं. चिंतेत बसल्या बसल्या तिनं सहज काही मुळं हातात घेतली आणि एकमेकांत गुंफली, आणि टोपलीचा आकार आला. सूर्यानं ती टोपली वाढवून मोठी केली आणि त्यातूनच आई आणि मुलांना पृथ्वीवर उतरवलं. म्हणून पहिल्या टोपल्या याकुटाटच्या बायकांनी केल्या, असं म्हणतात, आणि याकुटाटच्या विणकरणींचं नाव पुढेही सगळ्यांत वर राहिलं. आपल्याकडच्या बऱ्याच कथांत कला देवानं शिकवलेली असते. इथे एका काळजीत पडलेल्या आईनं रिकाम्या हातांना काम दिलं, एवढंच. मला हे फार पटतं.

आता त्या म्युझियमचं. तिथे काचेची झाकणं असलेले खण आहेत, ते आपणच ओढून उघडायचे. एकेका खणात टोपल्या. डब्याएवढ्या, वाटीएवढ्या, झाकणात खडे घातलेल्या खुळखुळणाऱ्या. (झाकण दुहेरी विणतात आणि मध्ये बारीक खडे ठेवतात. उचललं की आवाज. आतली वस्तू कुणी गुपचूप काढू नये म्हणून की काय, कोण जाणे. मला तर ते आमच्या घुंगुरकाठीची धाकटी बहीण वाटलं.) प्रत्येकीजवळ चिठ्ठी: त्लिंगिट, टोपली, अमुक गाव. विणणारीचं नाव बहुतेक ठिकाणी नाही. ज्या मिशनऱ्यानं, शेल्डन जॅक्सननं, हे जमवलं, त्याचं नाव मात्र दारावर आहे. तोच माणूस १८८५ पासून अलास्काच्या शिक्षणाचा सरकारी अधिकारी होता, आणि त्याच्या धोरणाच्या शाळांत मुलांना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची मुभा नव्हती. आईच्या टोपल्या कपाटात आणि मुलीच्या तोंडातली आईची भाषा बाहेर. मी हे त्या बाईसमोर बोलून दाखवलं, तेव्हा ती काहीच बोलली नाही. एक पट्टी पाण्यात बुडवली आणि विणत राहिली.

लेखात 'पर्यटनामुळे कलेला नवसंजीवनी मिळाली' असं एक वाक्य आहे. अर्धं खरं. १८६७ मध्ये अमेरिकेनं रशियाकडून अलास्का विकत घेतलं, आणि १८८० च्या दशकात वाफेच्या बोटींतून हौशी प्रवासी येऊ लागले. सिटका, जुनो, रँगेलच्या धक्क्यांवर बायका ओळीनं टोपल्या मांडून बसायच्या. गिऱ्हाईकाला हवं म्हणून बाटल्यांवर वीण चढवली, कपबश्या विणल्या. त्या पैशांवर घरं चालली, हे खरंच. पण तासांचा हिशेब केला तर त्या बायकांच्या हाती फार काही पडत नव्हतं. आमच्या आईनं बाजाराच्या दिवशी सुपं घेऊन बसावं आणि गिऱ्हाईकानं दहा रुपये पाडून मागावेत, तसंच.

आणि आजही धक्क्यापासून चार पावलांवर काय विकलं जातं? माझीच फजिती सांगतो. पाचव्या हंगामात केचिकनच्या एका दुकानात एक छोटी टोपली घेतली. खाली चिठ्ठी होती, नेटिव्ह डिझाइन. अठ्ठावीस डॉलर. दुकानात प्रकाश मंद, बाहेर बोटीचा भोंगा वाजायला आलेला. केबिनमध्ये येऊन दिव्याखाली धरली आणि कपाळाला हात लावला. वेत! सुपाच्या काठाला आम्ही जो वेत बांधतो तोच, रंगवलेला. बुरुडाच्या पोराला वेत कळू नये! पुढच्या आठवड्यात सिटकाच्या बाईला दाखवली, तर तिनं टोपली फिरवून बघितली आणि म्हणाली, "छान आहे. किल्ल्या ठेवायला." तिनंच मग सांगितलं की तिथे १९९० चा कायदा आहे, मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे. अलास्काचं सरकार खऱ्या कारागिरांना चंदेरी हाताचं चिन्ह असलेली पट्टीही देतं. पण 'डिझाइन' हा शब्द कायद्याच्या फटीतून आरामात निसटतो. आपल्या वाचकांपैकी कुणी त्या फेरीवर गेलंच, तर नुसतं चिठ्ठीवर जाऊ नये. कुणी विणली ते विचारावं. नाव सांगता आलं नाही तर परत ठेवावी. खऱ्या टोपलीची किंमत हजारो डॉलर असते, ती मला कधीच परवडली नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

सगळ्यांत जास्त राग आला तो 'लुप्त' या शब्दाचा. प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर थॉर्न नदीच्या चिखलात १९९४ साली मुळांची एक टोपली सापडली, ती पाच हजार वर्षांहून जुनी निघाली. जी गोष्ट एवढी टिकली तिला एका चौकटीत लुप्त करून टाकायचं म्हणजे कमाल आहे. विसाव्या शतकात विणणाऱ्या फार थोड्या उरल्या होत्या, हे मान्य. पण उरल्या होत्या, आणि त्यांना नावं होती. सेलिना पेरात्रोविच ही हायडा ग्वायमधल्या मॅसेटची. तिची मुलगी डेलोरेस चर्चिल, जन्म १९२९. डेलोरेसबाई मोठेपणी आईकडे शिकायला लागल्या, तर पहिली पाच वर्षं आईनं त्यांच्या टोपल्या जाळायला लावल्या. कारण काय, तर आईचं म्हणणं, माझं या कामात नाव आहे, माझ्याकडे शिकले असं सांगणार असशील तर काम चांगलंच पाहिजे. २००६ मध्ये अमेरिकी सरकारचा लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान डेलोरेसबाईंना मिळाला. १९९९ मध्ये कॅनडातल्या एका वितळत्या हिमनदीत फार जुन्या काळच्या माणसाचे अवशेष सापडले, त्याच्याबरोबर मुळांची टोपी होती. ती टोपी बघून, वीण मोजून, तशीच दुसरी विणली ती याच बाईंनी. सिटकाच्या टेरी रॉफकर यांना तोच सन्मान २००९ मध्ये मिळाला. त्या २०१६ मध्ये गेल्या. त्यांच्याकडून, डेलोरेसबाईंकडून, त्यांच्या मुलींकडून शिकलेल्या बायका आज जुनो, सिटका, केचिकनमध्ये शिकवताहेत. मी स्वतः एका वर्गाच्या खिडकीबाहेर उभा राहिलोय. आत दहा-बाराजणी होत्या, एक कॉलेजातली पोरगी दातांत मूळ धरून रडकुंडीला आली होती.

अडचण असलीच तर वेगळी आहे, आणि चौकटीत ती असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं. १९५० च्या दशकात केचिकन आणि सिटकाला लाकडाच्या लगद्याचे कारखाने निघाले आणि तिथल्या टोंगास जंगलातली जुनी झाडं डोंगरच्या डोंगर कापली गेली. कारखाने १९९० च्या दशकात बंद पडले, नवी झाडं उगवलीही. पण सरळ मुळांच्या चांगल्या जागा प्रत्येक विणकरणीला मोजक्याच ठाऊक असतात, आणि एक गेली की ती काही दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार होत नाही. सिटकाच्या बाईला मी भोळेपणानं विचारलं होतं, "तुमची जागा कुठली?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. आमच्याकडे चांगल्या मेसबांबूच्या बेटाचा पत्ता कोण सांगतं?

शेवटच्या हंगामात तिनं मला वीतभर मुळाचा तुकडा दिला, विणीतून उरलेला. तो पाकिटात घालून घरी आणला. आई तेव्हा ८१ वर्षांची होती, नजर अधू झालेली. तिनं तो बोटांत फिरवला, वाकवला, नाकाला लावला. "ह्या बांबू न्हय," म्हणाली. मी म्हटलं, झाडाचं मूळ आहे, तिकडच्या बायका दातांनी चिरतात. तिनं अंगठ्याचं नख टोकाला लावलं आणि मी थांबवायच्या आत बोटभर चीर पाडली. अगदी मधोमध. मग म्हणाली, "दात खयत माझे आता?" तो चिरलेला तुकडा अजून देवघरातल्या डबीत आहे.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी बायकोनं मला कागद-पेन आणून दिलं. छायाचित्रात जी वस्तू आहे ती टोपली नाही. ती टोपी आहे, हायडा पद्धतीची, आणि आपण ती उलटी छापली आहे. पटत नसेल तर सावली बघा, वस्तूच्या वर पडली आहे. आणि खाली, जिथे टोपलीचं बूड असायला हवं, तिथे लाल-काळ्या रंगात चार टोकांचा तारा अर्धवट दिसतो. जुन्या काळी हायडा लोकांतली इझाबेला एडनशॉ टोप्या विणायची आणि तिचा नवरा चार्ल्स त्या रंगवायचा. टोपीच्या माथ्यावर असा तारा काढणं ही त्याची खूण. छायाचित्रातली टोपी त्यांचीच आहे असं मी म्हणत नाही, ते म्युझियमवाल्यांनी ठरवावं. पण असेल, तर ती त्या दोघांची आहे, आणि आपण दोघांनाही फळं विकायला बसवलं.

अर्थात घोटाळा होण्यासारखी एक गोष्ट आहे, ती सांगतो आणि थांबतो. त्लिंगिट बाई टोपली मांडीवर सुलटी धरून विणते. हायडा बाई ती खुंटावर पालथी घालून विणते, बूड वर, काठ खाली, म्हणजे टोपी विणल्यासारखीच. त्यामुळे सुलटी केल्यावर विणीचा फेरा त्लिंगिट टोपलीच्या उलट दिशेनं गेलेला दिसतो, आणि जाणकार त्यावरूनच कुणाची ते ओळखतात. तेव्हा उलट-सुलट होणं हे या कामात नवं नाही. पण टोपी डोक्यावर घालायची असते. येत्या रविवारी छायाचित्र सुलटं छापावं, ओळीत 'गवत' ऐवजी 'स्प्रूसची मुळं' करावं, 'एस्किमो' काढून 'हायडा' घालावं, आणि ज्या म्युझियमची ती टोपी आहे त्यांच्याकडे विणणारीच्या नावाची नोंद आहे का, एवढं एक ईमेल करून विचारावं.

आपला,
एक जुना वाचक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग